सकाळची किक

गल्लीत त्यांना सगळे किकवाल्या काकू म्हणत. तोंडावर नुसतं काकू, आणि पाठ फिरली की किकवाल्या. काकूंना हे ठाऊक होतं आणि मनातून ते आवडायचंही. शिलाई काय, गल्लीत आणखी दोघी-तिघी करत होत्या. पडद्यांना झालरी, उशांचे अभ्रे, गाद्यांच्या खोळी, यात नाव काढण्यासारखं फारसं काही नसतं. पण रोज सकाळी नवऱ्याच्या मोटारसायकलला किक मारून त्याला कामावर धाडणारी बाई मात्र एकच होती.

सुरुवात झाली काकांच्या गुडघ्यापासून. काका बर्फाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायचे. एकदा ओल्या फरशीवरून पाय घसरला आणि उजवा गुडघा कामातून गेला. प्लास्टर निघालं तरी किक मारताना कळ थेट मस्तकात जायची. गाडी जुन्या बनावटीची, बोजड, आणि किक अशी कडक की धडधाकट माणसाच्या तोंडाला फेस यावा. मग एका सकाळी काका गाडीवर बसले आणि बायकोकडे न बघता म्हणाले, "बघ बरं, तुला जमतंय का." काकूंचा पाय शिलाई मशीनच्या पायट्यावर घडलेला. जमलं.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. काका गाडीवर, काकू उजव्या अंगाला भिंतीला हात टेकून. किक आधी हळूच खाली दाबत न्यायची, कडक लागली की तिथंच धरायची. मग काका म्हणायचे, "थांब." थांबायचं. काका पलीकडे, डाव्या बाजूला वाकून काहीतरी खुडबुड करायचे. आणि मग म्हणायचे, "हाण." काकू हाणायच्या, गाडी धडधडायला लागायची, काका मान हलवून निघून जायचे. त्या 'थांब'चा काकूंना भारी राग यायचा. गॅसवर दूध ठेवून यावं आणि या माणसाने उगाच ताटकळत उभं करावं. साहेबी गाजवायला घरात दुसरं कुणी मिळत नाही, म्हणून हे सगळं, असं त्यांचं ठाम मत होतं.

तरी त्यांनी एक दिवस चुकवला नाही. ताप असला तरी, हात साबणाने भरलेले असले तरी. नवरा-बायकोत अबोला असला तरीसुद्धा. काकांचा अबोला काही साधासुधा नसे, आठवडाच्या आठवडा चालायचा. तेवढ्या दिवसांत घरात उच्चारले जाणारे शब्द दोनच, थांब आणि हाण. रविवारी कारखाना बंद, तरी काका खालून हाक मारायचे, "अगं, एकदा चालू करून ठेवू. नाहीतर जाम होते." काकू कुरकुरत खाली उतरायच्या. कुरकुर खरी होती, पण उतरताना केस नीट केलेले असायचे, हेही खरं होतं.

मग काका गेले. झोपेतच गेले, कुणाला काही त्रास दिला नाही, आणि मोटारसायकल जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत मेणकापडाखाली उभी राहिली. त्याला सहा-सात वर्षं झाली. तिच्यावर कोळ्यांनी संसार थाटले, पोरांनी चेंडू हरवले, शेजारणीने फडकी वाळत घातली.  वर काकूंचं मशीन चालू असे आणि बाकी दिवसभर घरात दुसरा आवाज नसे. संध्याकाळी मशीनही थांबलं की काकू उगाच रेडिओ लावायच्या, आणि तो काय बोलतोय ते ऐकायच्या नाहीत.

आता घरमालकाला जागा पाडायची होती. काकूंनी लेकीकडे राहायला जायचं ठरलं होतं, म्हणजे लेकीने ठरवलं होतं. लेक दूर, उंच इमारतीत राहायची. तिचं सगळं फोनवर चालायचं, आणि फोनवरही ती बहुधा दुसऱ्या कुणाशी तरी बोलत असायची.

"आई, मशीन आणू. कपाट आणू. पण त्या गाडीचं काय करायचं? आमच्या इमारतीत बंद गाडी ठेवू देत नाहीत. हे म्हणतात, भंगारवाल्याला बोलावून टाकू."

"चालू असली तर ठेवू देतात?"

"चालू असली तर यांच्या गाडीच्या मागे तेवढी जागा आहे. पण आई, ती चालू कशी असेल? आणि चालवणार कोण?"

"चालवायला कशाला हवी? चालू असली म्हणजे झालं."

लेकीने उसासा टाकला. "बरं. रविवारी आम्ही टेम्पो घेऊन येतोय. तोवर चालू झाली तर टेम्पोत, नाहीतर भंगारात. चालेल?"

"चालेल," काकू म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला. रविवार अजून लांब होता, पण इतकाही लांब नव्हता.

लेकीला वाटलं, आई बाबांची आठवण म्हणून हट्ट करतेय. आठवण होतीच, पण आठवणीला काकांचा चष्मा पुरला असता, तो खिशात मावतो. काकूंचं दुखणं वेगळं होतं. लेक आपल्या पायावर उभी होती, नातवंडं मोठी होती, गिऱ्हाइकं आता तयार पडदे घेत होती. काकूंवाचून कुणाचंच काही अडत नव्हतं. साऱ्या आयुष्यात त्यांच्यावाचून अडलेली वस्तू एकच, ती जिन्याखाली उभी होती. ती भंगारात गेली की काकू नुसत्या काकू उरणार होत्या, लेकीच्या घरातल्या मागच्या खोलीतल्या.

त्यांनी मेणकापड ओढलं आणि किकवर पाय ठेवला. किक ढिम्म हलली नाही.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. तो बिचारा भला होता, पण त्याचा सगळा व्यवहार नव्या गाड्यांशी, बटण दाबलं की सुरू होणाऱ्या. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि डोकं खाजवलं.

"काकू, पिस्टन आत धरलाय. गंजाने चिकटलाय. खोलायला घेतलं तर या गाडीचे सुटे भाग मला मिळायचे नाहीत."

"न खोलता सुटत नाही का?"

"प्लग काढून त्या भोकातून तेल सोडा. मुरू द्या. मग वरचा गियर टाकून गाडी मागेपुढे ढकलत राहा. सुटला तर सुटला. पण जोर लावू नका, नाहीतर आत काहीतरी मोडायचं."

हे काकूंना पटलं. अडलेल्या मशीनशी त्यांनी जन्मभर हेच केलं होतं. तेल द्यायचं, चहा प्यायचा, मग हळूच चाक फिरवून बघायचं. चिडून फिरवलं की सुई तुटते. त्यांनी मशीनच्या तेलात थोडं रॉकेल मिसळलं आणि नळीने प्लगच्या भोकात सोडलं. दुसऱ्या दिवशी परत सोडलं. सकाळ-संध्याकाळ गाडीला धरून पुढे रेटायचं, मागे ओढायचं. या वयात काकूंचं सगळं अंग कुरकुरत होतं, पाठ, मान, बोटं. गुडघे मात्र ठणठणीत. मशीनने आणि किकने मिळून ते लोखंडाचे करून ठेवले होते, असं त्या स्वतःच सांगायच्या.

मध्ये वाट बघण्याच्या वेळात त्यांनी बाकीचं उरकलं. टाकीतलं पेट्रोल कुजून त्याचा उग्र वार्निशासारखा वास सुटला होता. ते ओतून टाकलं, टाकीत मूठभर बारीक खडे घातले आणि टाकी गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन हलवत बसल्या. शेजारीण डोकावून म्हणाली, "काय हो, बाळ झोपत नाही वाटतं?" काकू म्हणाल्या, "दात येतायत." आतून गंजाचं लाल पाणी निघालं, ते स्वच्छ होईपर्यंत त्यांनी टाकी धुतली. जुनं इंजिनतेल काढलं, ते डांबरासारखं झालं होतं. ठिणगी पाडणारे पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासले. कार्बोरेटर वर नेऊन मशीनच्याच टेबलावर उघडला. त्यातली भोकं इतकी बारीक की काकूंचा हात आपोआप सुईच्या डबीकडे गेला. पण गॅरेजवाल्याने बजावून ठेवलं होतं, "सुई अजिबात घालू नका, भोक मोठं झालं की संपलं." म्हणून जुन्या ब्रशचा केस काढला आणि त्याने सगळं मोकळं केलं. कार्बोरेटरच्या डोक्यावर एक पितळी टिकली होती, खाली स्प्रिंग असलेली. दाबली की आत जायची, सोडली की वर यायची. ही कशासाठी ते काकूंना कळेना. त्यांनी ती पुसली, तेलाचा थेंब दिला आणि होती तशी बसवली.

शुक्रवारी सकाळी त्या गाडी पुढे रेटत होत्या आणि अचानक काहीतरी सैल झालं. आवाज झाला नाही. हाताला कळलं, धागा सुटावा तसं. मागचं चाक फिरलं आणि त्याबरोबर आतलंही फिरलं. काकू तिथंच पायरीवर बसल्या. कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं. लेकीला फोन लावला, तिने तो उचलून "आई, मीटिंगमध्ये आहे" म्हटलं आणि ठेवला. मग काकूंनी गाडीलाच सांगितलं, "सुटलीस हो."

दुपारी गॅरेजवाल्याने नवा प्लग बसवला, नवं पेट्रोल घातलं, ठिणगी पडते का बघितलं. पडत होती, निळी, चांगली.

"मारा काकू किक."

काकूंनी पदर खोचला आणि मारली. काही नाही. परत मारली. गॅरेजवाल्याने मारली, मूठ पिळून मारली, गाडीला शिव्या देऊन मारली. गाडी एकदा शिंकल्यासारखी झाली आणि गप्प बसली. शेवटी तो घामाघूम होऊन भिंतीला टेकला.

"ठिणगी आहे, पेट्रोल आहे, दाब आहे. हिला आता आणखी काय हवंय ते हीच जाणे. अशा गाड्यांचा एकेक लहरी स्वभाव असतो काकू. काका काय करायचे चालू करताना?"

काकू आठवू लागल्या. काका काय करायचे? थांब म्हणायचे आणि डावीकडे वाकायचे. इतकी वर्षं रोज त्या तिथे उभ्या होत्या, आणि नजर कायम स्वतःच्या पायावर आणि किकवर. पलीकडे काका काय करतात ते एकदाही वाकून बघितलं नव्हतं. राग राग करण्यात वेळ गेला होता. आता विचारायचं कुणाला?

रात्रभर त्यांनी तोच विचार केला, आणि पहाटे त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सकाळी गाडी घरून निघायची, पण संध्याकाळी कारखान्यातून घरी यायची. तिथेही कुणीतरी किक मारत असणारच. आजवर हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. आता कुणी म्हणेल, बाई, इतक्या वर्षांत पडला नाही? नाही पडला. संध्याकाळी गाडी धडधडत दारात यायची आणि काकू चहा टाकायच्या. चालू गाडी कशी चालू झाली असेल, हे कोण विचारतं? पण कारखान्यात काकांना किक मारून देणारा जो कोणी होता, त्याला ते खुडबुडीचं गुपित नक्की ठाऊक असणार.

शनिवारी सकाळीच काकू बर्फाच्या कारखान्यात पोहोचल्या. काकांचा जुना सोबती तिथे अजून होता. उंचीमुळे सगळे त्याला लंबू म्हणायचे, आता पाठीत वाकून तो जेमतेम मध्यम उरला होता. बर्फाच्या लाद्या सरकवण्याचा आकडा हातात तसाच ठेवून तो बाहेर आला. आतून गार हवेचा झोत आला, काकांच्या कपड्यांना यायचा तोच ओलसर वास.

"वहिनी! तुम्ही इकडे कशा?"

काकूंनी सगळं सांगितलं, मग विचारलं, "भाऊजी, संध्याकाळी यांना किक कोण मारून द्यायचं? तुम्हीच ना?"

लंबूने आकडा भिंतीला टेकवला. "किक मारून? कुणी कशाला मारेल?"

"त्यांच्या गुडघ्यामुळे."

"गुडघा?" लंबूने आठवायचा प्रयत्न केला. "हां, तो पडला होता तेव्हाचा. तो तर त्याच वर्षी बरा झाला, वहिनी. या शिडीने दिवसातून दहादा वर चढायचा तो, टाकी बघायला. आणि गाडीला तर कुणाला हात लावू द्यायचा नाही. मी एकदा गंमत म्हणून किक मारायला गेलो, तर अंगावर आला माझ्या. स्वतःच मारायचा. ती कार्बोरेटरवर पितळी टिकली आहे ना, ती बोटाने दाबून धरायची. पेट्रोल वर येऊन बोट ओलं झालं की सोडायची आणि लगेच किक मारायची. एका किकमध्ये चालू. थंड इंजिनाला तेवढं पाजावंच लागतं."

काकूंना तोंडात मारल्यासारखं झालं. त्या "बरं" म्हणाल्या, "येते" म्हणाल्या. लंबू चहा घ्या म्हणत राहिला, तोवर त्या फाटकाबाहेर होत्या.

घरी येईपर्यंत त्या नुसत्या धुमसत होत्या. इतकी वर्षं. तापात, पावसात, साबणाच्या हातांनी. स्वतःला येत असताना या माणसाने आपल्याला रोज खाली नाचवलं. आणि आपण इतक्या वेड्या, की आपल्यावाचून गाडी अडते म्हणून गल्लीभर ताठ मानेने फिरलो. आपल्यावाचून अडणारी ती एक वस्तू होती, तीही नव्हती. जिन्याखाली येऊन त्यांनी गाडीकडे पाहिलं आणि सरळ भंगारवाल्याला आजच बोलवावं असं त्यांच्या मनात आलं.

पण शिकलेल्या हाताला राहवत नाही. त्या डावीकडे गेल्या, वाकल्या, आणि पितळी टिकलीवर बोट ठेवून दाबलं. पेट्रोल गार गार वर आलं आणि बोटाच्या टोकाला लागलं. त्या वासाने त्या जागच्या जागी थबकल्या. काकांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला हाच वास यायचा. संध्याकाळी चहाचा कप उचलताना यायचा. काकू रोज म्हणायच्या, "हात धुवा आधी, पेट्रोलचा वास येतोय." काका म्हणायचे, "धुतो," आणि बसून राहायचे.

काकू उजव्या बाजूला आल्या, भिंतीला हात टेकला आणि किक मारली. गाडी धडधडली. जिन्याखालची धूळ उडाली, वर कुणाच्या तरी भांड्याचा आवाज झाला, शेजारीण धावत बाहेर आली आणि काकूंचा चेहरा बघून परत आत गेली. काकू रडत होत्या. राग होताच, पण रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते सहन होत नव्हतं. त्या माणसाला किक नको होती. आठवडा आठवडा न बोलणाऱ्या त्या माणसाला दिवसातून एकदा बायको खाली यायला हवी होती, आणि ते मागायचं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं. गुडघा दुखतोय एवढंच त्याला म्हणता येत होतं.

"अहो, सांगायचं तरी," काकू त्या धडधडीत म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही.

रविवारी टेम्पो आला. भंगारवालाही आला, आपली हातगाडी लावून विडी ओढत बसला. जावई सामान मोजत होते. लेक फोनवर बोलत, एका हाताने खुणा करत, पायऱ्या चढत-उतरत होती. आल्यापासून तिने आईकडे धड बघितलंही नव्हतं, आणि तिचीही चूक नव्हती, तिला खरंच फार कामं होती.

"मग आई, होते का चालू?" जावयांनी जिन्याखाली डोकावून विचारलं. "नाहीतर हा बिचारा खोळंबलाय."

"होते की," काकू म्हणाल्या. त्यांनी भिंतीला हात टेकला, पाय किकवर ठेवला, आणि लेकीकडे पाहिलं. लेक फोन कानाला लावून भिंतीशी बोलत होती, कपाळाला आठ्या, डोळ्यांखाली काळं. काकूंनी पाय खाली घेतला.

"अगं, गुडघा धरलाय माझा. जरा तू मारतेस का किक?"

"मी? आई, यांना सांग ना."

"त्यांना नाही जमायचं. तुझा पाय माझ्यासारखा आहे. ये."

लेकीने "एक मिनिट" म्हणून फोन खिशात टाकला आणि आली. काकू गाडीवर बसल्या, आयुष्यात पहिल्यांदाच. खालून बघताना जी बैठक एवढी ऐटीची वाटायची, ती चांगलीच टणक होती. लेकीने किक दाबली, कडक लागली.

"थांब," काकू म्हणाल्या.

"आता काय?"

काकू डावीकडे वाकल्या. टिकली दाबली. बोट ओलं झालं तरी त्यांनी लगेच सोडलं नाही. वाकल्या वाकल्या मान जराशी तिरपी करून त्यांनी पाहिलं. इथून उभी असलेली बाई नीट दिसत होती. डोक्यापासून पायापर्यंत, किककडे लक्ष लावून, वैतागलेली, केस कानामागे सारलेले.

"हाण."

गाडी चालू झाली. लेक दचकली आणि खळखळून हसली, लहानपणी हसायची तशी. भंगारवाला विडी विझवून उठला आणि रिकामी हातगाडी ढकलत निघून गेला.

लेकीकडची मागची खोली लहान आहे. दिवसभर तिथेही काकूंच्या मशीनखेरीज आवाज नसतो, सगळे सकाळी बाहेर पडतात आणि अंधार पडल्यावर येतात. काकू सामान आणायला जिने चढतात-उतरतात, लिफ्ट त्यांना आवडत नाही. रविवारी मात्र त्यांचा गुडघा हमखास दुखतो. "अगं, एकदा चालू करून ठेवू, नाहीतर जाम होते," असं म्हणत त्या पुढे निघतात, आणि लेक कुरकुरत, फोन घरी ठेवून, मागून खाली येते.

मग वर येऊन दोघी चहा घेतात. लेक कप पुढे करते आणि नाक मुरडते. "आई, हात धू आधी. पेट्रोलचा वास येतोय."

"धुते," काकू म्हणतात, आणि बसून राहतात.